कौसामायच्या ट्रकचं नाक

मी हो म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तोंड भरलेल्या माणसाला दोनच उत्तरं देता येतात, एक मान वरखाली करून आणि दुसरं मान आडवी हलवून. समोर कौसामाय उभी होती. तिने विचारलं होतं, "दिलीपभाऊ, मोठ्या गाडीले राह्यते तसं वरतं नाक आमच्या गाडीले बसते काय?" मी मान वरखाली केली. थुंकून परत येईपर्यंत मेथीच्या जुड्या माझ्या टेबलावर ठेवून माय निघूनही गेली होती. भाजी घेतली म्हणजे काम घेतलं. आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात करार असे होतात.

त्या दिवसापर्यंत मी एकाही ट्रकला असलं नाक बसवलेलं नव्हतं.

माझं गॅरेज वाशीम रोडवर आहे. पाटीवर रंगाऱ्याने 'सर्व प्रकारच्या डिझेल गाड्यांची कामे' असं लिहून ठेवलं आहे, त्यातला 'सर्व' हा शब्द त्याने स्वतःच्या मनाने घातला. मी खोडला नाही. शहरातल्या वाचकांना वाटत असेल की मेकॅनिकचं मुख्य हत्यार पाना. छे! मुख्य हत्यार चेहरा. गिऱ्हाईक शेजारी उभं आहे, इंजिनातून जन्मात न ऐकलेला आवाज येतो आहे, आणि आपल्या तोंडावर मात्र 'हं, हे होय!' असा भाव पाहिजे. शाळेच्या नाटकात मी दोन वर्षं राजा झालो होतो, त्याचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला. पण नाकाच्या कामाला नुसता चेहरा पुरणार नव्हता.

हे नाक म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिन डिझेल पितं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते डिझेलपेक्षा कितीतरी जास्त हवा पितं, हे कोणाच्या गावी नसतं, कारण हवा पंपावर भरावी लागत नाही. गाडी ही हवा एका डब्यातून ओढते. डब्यात कागदाची घडीघडीची गाळणी असते, तिला फिल्टर म्हणतात. गाळलेली हवा रबरी पाइपातून पुढे टर्बोत जाते, म्हणजे एका लहानशा पंख्यात, आणि तिथून इंजिनात. गाळणीच्या अलीकडे धूळ असली तर चालते. पलीकडे चिमूटभर जरी गेली तर इंजिनाच्या आत पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. गाडी तेल खाते, धूर ओकते, चढावर रडते आणि एक दिवस बसते.

कौसामायच्या गाडीचा हा डबा पुढच्या चाकामागे, खाली होता. म्हणजे चाकाने धूळ उडवायची आणि डब्याने ती खायची. नाक म्हणजे या डब्याला जोडलेला उंच उभा पाइप, तो धुळीच्या वरची हवा ओढतो. डांबरी रस्त्यावर ठीक आहे. पण कौसामायचा मळा गावाबाहेर. वांगी, कोबी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. स्वतःचा आणि शेजारच्या मळ्यांचा माल भरून गाडी पहाटे वाशीमच्या बाजारात जायची, आणि मळ्यापासून सडकेपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता पिठाचा डबा. त्यात सोयाबीन काढायचे दिवस आले की दोन्ही बाजूंनी मळणीयंत्रं भुसा उडवत. एकदा त्या गाडीचं इंजिन पूर्ण खोलून नवं करावं लागलं होतं. मीच केलं होतं. सहा महिन्यांतच ती परत खोकू लागली.

कौसामायला दोन मुलगे. थोरला विठ्ठल, शेतीत मुरलेला, कमी बोलणारा, गाडीला घाबरणारा. धाकटा गजानन. त्याला शेतात उभं केलं की तो बुजगावण्यासारखा दिसायचा, पण स्टिअरिंगवर बसला की निराळा माणूस. ती आजारी गाडी फक्त त्यालाच वळायची. कोणत्या चढावर आधीच गिअर टाकायचा, सकाळी चालू करताना किती वेळ दम धरायचा, सगळं त्याला माहीत. विठ्ठलने घेतली की ती पहिल्याच चढाला बंद पडायची. मग विठ्ठल उतरून चालत घरी यायचा.

मेथी ठेवून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माय पुन्हा आली, तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं.

"विठ्ठल म्हणते, आता इंजिन बसलं तं गाडी इकून टाकाची. माल भाड्याच्या गाडीत पाठवू."

"मंग बरंच हाय न, माय. कटकट गेली."

"अन् गजानन? गाडी गेली का पोरगं गेलं. नागपूरहून त्याचा दोस्त रोज फोन करून राह्यला. म्हणे मोठ्या ट्रेलरवर ये. घरी बांधून ठेवाले माह्यापाशी येवढी एकच दोरी हाय, भाऊ." ती गाडीकडे बघत होती. "थे खोकला बंद कर तिचा."

आता सांगा, मी काय म्हणणार होतो? की माय, मान हलवली ती खर्ऱ्यामुळे?

मी आधी मोबाइलवर बघितलं. तिकडे परदेशात लोक असलं नाक बसवतात, त्याचे व्हिडिओ आहेत. पांढरे हातमोजे घातलेला एक देखणा माणूस हसतो आणि पहिली पायरी सांगतो, खोकं उघडा. खोक्यात सगळे भाग ओळीने झोपलेले. माझ्याकडे खोकंच नव्हतं. शिवाय त्यांचं गॅरेज इतकं स्वच्छ की तिथे फिल्टरची गरजच काय, असा मला प्रश्न पडला.

मग मी अकोल्याच्या भंगार बाजारात गेलो. मोडीत निघालेले दहाचाकी ट्रक तिथे उभे असतात, आणि त्यांना केबिनच्या मागे कारखान्यातूनच उंच नाक बसवलेलं असतं. तिथे एक म्हातारे फिटर होते, सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मी मोठ्या अदबीने म्हटलं, "वस्ताद, हे कसं बसवतात थे सांगा न जरा."

त्यांनी माझ्यासमोर पाना टाकला. "लावनं शिकाचं असंल तं पयले काढ."

"मले विकत घ्याचं हाय, काढून देनारं कोणी..."

"काढ म्हनलं न!"

मालेगावातला नावाजलेला मिस्त्री, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, भंगारात उताणा पडला. एकेक भाग निघाला की वस्ताद तो हातात धरून विचारायचे, "हे काहून हाय?" उत्तर चुकलं की भाग परत लावायला लावायचे. वरच्या टोपीचं तोंड खाली का? पाऊस आत जाऊ नये म्हणून. खालच्या कोपऱ्यात बारीक भोक का? तरीही गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. पाइप कुठेच अरुंद का नाही? इंजिनाचा दम कोंडू नये म्हणून. मध्ये हे घड्याघड्यांचं रबर का? इथे मी अडकलो.

"इंजिन एकीकडं हालते, बॉडी दुसरीकडं हालते," वस्ताद म्हणाले. "रबर नसतं तं काय झालं असतं?"

"पाइप फाटला असता."

"पाइप नाई, तू फाटला असता. गिऱ्हाईकानं फाडला असता!" आणि ते असे हसले की शेजारच्या भंगारवाल्यानेही हसून घेतलं.

पाइपांच्या टोकाशी एक गोल उंचवटा होता, बांगडीसारखा. तो कारखान्याने शोभेसाठी काढला असेल असं समजून मी काही विचारलं नाही. वस्तादही बोलले नाहीत, कारण तोवर त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. उभा पाइप, टोपी आणि घड्यांचं नवं रबर घेऊन मी विजयी मुद्रेने गावात उतरलो. बसमध्ये तो पाइप मी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी कुठल्या देवळाचा कळस आहे म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं नाही.

हत्यारांची गोष्ट वेगळीच. फिल्टरच्या डब्याला वरून गोल भोक पाडायचं होतं. छिन्नीने पाडलं तर कडा फाटतात. गोल भोक पाडणारा दातेरी कप गावात एकाकडेच होता, पाण्याच्या टाक्या बसवणाऱ्या प्लंबरकडे. तो हत्यार कोणाला देत नाही, हत्यारासोबत स्वतः येतो. तो आला, आणि त्याच्या मागे त्याला कामासाठी शोधत असलेले दोघं आले. चहा आला. अशा रीतीने माझ्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक जमले. मी कपाच्या दातांना भरपूर ग्रीस फासलं. का? लोखंडाचा चुरा ग्रीसला चिकटतो, डब्यात पडत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तसं जरा मोठ्याने सांगितलंही.

उभा पाइप मालाच्या पेटीच्या पुढच्या भिंतीला आवळला आणि घड्यांच्या रबराने डब्याच्या भोकाला जोडला. जुनं खालचं तोंड पत्र्याने बंद केलं. डब्यापासून टर्बोपर्यंतचं जुनं रबर भेगाळलं होतं, तिथे सायलेन्सरच्या दुकानातून आणलेला कोरा पाइप कापून घातला, दोन्ही टोकांना रबर आणि त्यावर आवळायच्या क्लिपा. गजाननने गाडी चालू केली. आवाज असा खोल, असा भरलेला, की प्लंबरने चहा खाली ठेवला.

"भाऊ, छाती फुगली न हिची!" गजानन खिडकीतून ओरडला.

मी राजासारखा उभा होतो. पण एक गोष्ट टोचत होती. जोड बाहेरून घट्ट दिसत होते. आतून हवा कुठे चोरीने शिरत असेल तर? गाळणीच्या अलीकडे शिरली तर माफ. पलीकडे शिरली, तर इतकं सगळं करून कौसामायची दोरी मीच कापली असती. मोठ्या वर्कशॉपमध्ये धूर सोडून तपासायचं यंत्र असतं असं ऐकलं होतं. आमच्याकडे कुठलं आलं?

दिवस गुरुवारचा होता. संध्याकाळी बाजारपेठेत दुकानोदुकानी लोबान फिरवणारे कादरचाचा नेहमीप्रमाणे दारात आले. हातात निखाऱ्यांचं धूपदान, वर लोबानाची चिमूट, आणि पांढरा दाट धूर गल्ल्यावरून, पाटीवरून, माझ्या डोक्यावरून. मी त्या धुराकडे बघत राहिलो.

"चाचा, आज गाडीले द्या."

"गाडी को? देता ना. दुआ तो सबको लगती."

"वरून नाई. आतून!"

चाचांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग अशा काही सहजतेने तयार झाले, जसं इंजिनात लोबान सोडणं त्यांचं रोजचंच काम. मी फिल्टर काढून ठेवला. शेगडी फुंकायचा हाताने फिरवायचा पंखा आणला, निखारा उडू नये म्हणून मध्ये बारीक जाळी लावली, आणि नाकाच्या तोंडातून हळूहळू धूर आत सोडला. डिझेलच्या गॅरेजात निखारे बघून प्रेक्षक रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. चाचा मात्र जागचे हलले नाहीत, ओठातल्या ओठात काही म्हणत होते. गजानन गाडीखाली आडवा झाला.

"काही नाई भाऊ... काही नाई..." मग एकदम, "थांबा! हाय! टर्बोच्या जवळ!"

मी खाली शिरलो. नव्या पाइपाच्या जोडातून, क्लिपेखालून, उदबत्तीएवढी बारीक पांढरी रेघ निघत होती. सुंदर दिसत होती. नेमकी गाळणीच्या पलीकडची जागा. मी क्लिप आवळली, तर रबर सरकून आणखी मोकळं झालं. गुळगुळीत पाइपावर रबर धरणार कशाला? तेव्हा मला तो शोभेचा उंचवटा आठवला. शोभेचा कसला! तो होता म्हणून तर रबराला पकड मिळते. क्लिप त्याच्या मागे बसते आणि रबर बाहेर निसटत नाही.

पाइपाला असा उंचवटा काढायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पण धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांना गोल पट्टे असतात, ते आठवले. पाइप घेऊन मी रामदास कोठीवाल्याकडे गेलो. हा माझा लहानपणचा दोस्त, आणि त्याच्या कोठ्यांना मी लग्नाकार्यात चार लोकांत डबडी म्हणत आलो होतो.

"ये ये," तो म्हणाला. "डबड्यावाल्यापाशी कायले आलास बे?"

"पाइपाले कड काढून दे न, गड्या."

"पयले म्हण, रामदासच्या कोठ्या कोठ्या हायेत."

"रामदासच्या कोठ्या कोठ्या हायेत."

"जोरानं. आतमधी वयनीले आयकू गेलं पाह्यजे."

मी जोराने म्हटलं. आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. पट्टे काढायच्या यंत्राच्या दोन चाकांत रामदासने पाइपाचं टोक धरलं, मूठ फिरवली, आणि अशी देखणी बांगडी उमटली की मी कारखान्याला नमस्कार केला. त्यानंतर पुन्हा लोबान सोडला. कुठेच रेघ नाही. धूर नाकाच्या तोंडातूनच परत बाहेर आला.

गाडी बदलली. गिअर खाली न आणता चढ चढू लागली, काळा धूर गेला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून नाक दाखवू लागलो.

आणि काही आठवड्यांनी गजानन फिल्टर हातात घेऊन धावत आला. त्याचा चेहरा पांढरा. फिल्टर लालपिवळा.

मी हादरलो. गंज? पाइप आतून कुजला? इतक्यात? बोट फिरवलं, वास घेतला. हळद. कुंकू!

कौसामाय! पहाटे भाजीचे कॅरेट रचायला ती पेटीत चढायचीच. नाक तिथे समोरच. रोज गाडी निघायच्या आधी ती टोपीखालून हळदकुंकवाची चिमूट नाकाच्या तोंडात वाहत होती. आणि गाडी चालू झाली की नाक तो प्रसाद मनोभावे ओढत होतं.

मी मळ्यावर गेलो. माय वांगी तोडत होती.

"माय, तू कुंकू कुठी लावते?"

"कपायाले. कुठी लावन?"

"मंग गाडीच्या नाकात काहून कोंबते?"

पदर तोंडाला लावून मायला इतकं हसू लोटलं की वांग्यांची टोपली कलंडली. "पण भाऊ, खरं सांग. गाडीले काही झालं तं नाई न?"

तेच तर बघायचं होतं. मी फिल्टरपलीकडच्या पाइपात पांढरं फडकं गुंडाळलेला हात घातला, टर्बोच्या तोंडापर्यंत नेला, आणि बाहेर काढला. फडकं पांढरंच. एक कण नाही. लोबानाने दिलं नसतं इतकं पक्कं प्रमाणपत्र मायच्या हळदकुंकवाने दिलं. तेव्हापासून ती कुंकू काचेच्या वर, केबिनच्या कपाळाला लावते.

इथे गोष्ट संपली असती तर मी मोठा माणूस ठरलो असतो.

पण गाडी बरी झाली म्हणजे काय झालं, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. एका सकाळी गजाननला ताप होता म्हणून विठ्ठल गाडी घेऊन गेला. भीत भीत. चढ आला, गाडी चढली. दुसरा आला, चढली. तो वाशीमला माल उतरवून दुपारच्या आत घरी आला आणि जेवताना पहिल्यांदा एवढं बोलला, की बायको घाबरली. पुढच्या आठवड्यात तो गजाननला म्हणाला, "तू झोप. मीच जातो." त्याच्या पुढच्या आठवड्यात तसं म्हणायचीही गरज उरली नाही.

आजारी गाडीला गजानन लागत होता. बऱ्या गाडीला कोणीही चाललं असतं.

तो काही दिवस माझ्या गॅरेजात येऊन बसायचा, पाने पुसून ठेवायचा. "भाऊ, आता थे मजा नाई राह्यली," म्हणाला. मग नागपूरला गेला. दोस्ताच्या ओळखीने ट्रेलर चालवू लागला, नागपूर ते रायपूर. भांडण नाही, रुसवा नाही. आईच्या पाया पडून, एक पिशवी घेऊन, विठ्ठलच्याच गाडीतून सडकेपर्यंत गेला.

मी मळ्याकडे जायचं टाळू लागलो. कामात कुठे चूक झाली म्हणून नव्हे. काम तर इतकं चोख होतं की आजही मी त्यावर बोट ठेवू देणार नाही. आणि तरी मायच्या समोर उभं राहायचं कसं, ते कळत नव्हतं.

ती स्वतःच आली. हातात मोबाइल. मी स्टूल पुढे केलं.

"गजानन रोज फोन करते," ती बसत म्हणाली. "म्हणे मी मजेत हाय, जेवलो, झोपलो. पोरगं असंच सांगनार. म्हणून म्या म्हनलं, बोलनं राहू दे, तुह्या गाडीचा आवाज आयकव. त्यानं थे आवाज पाठवला. आता तू आयक. गाडी धड हाय का सांग. मंग मी समजन काय समजाचं थे."

मी मोबाइल कानाला लावला. वाचकहो, मोबाइलमधून इंजिनाचं काहीही कळत नाही. अर्धा आवाज मोबाइलच खाऊन टाकतो. मागे हॉर्न, कोणाचं तरी हिंदी बोलणं, आणि मध्येच गजाननचं खाकरणं. मी डोळे मिटले, पुन्हा ऐकलं, 'हं' म्हटलं.

"इंजिन एक नंबर हाय, माय. फक्त त्याले सांग, टर्बोच्या जवळची क्लिप एकडाव पाहून घे म्हणा. जराशी शिट्टी येऊन राह्यली."

शिट्टी बिट्टी काही नव्हती. पण क्लिप बघायची तर ट्रेलर थांबवावा लागतो, उतरावं लागतं, इंजिन गार होईपर्यंत सावलीत बसावं लागतं. तेवढं तरी त्याला व्हावं, असं वाटलं.

माय घाईने उठली, दारातच फोन लावला, आणि माझा शब्दन् शब्द मोठ्याने त्याला ऐकवला.

पुढच्या बाजाराला ती परत आली. चेहरा उजळलेला, चालण्यात तोरा.

"आयकलं काय, भाऊ? उतरून पाह्यली त्यानं. म्हणे, सैलच होती. चांगले दोन आटे बसले!"